उघडं पाकीट

६ नोव्हेंबर

प्रिय ताई,

तुझं कार्ड मिळालं. चारच ओळी. शाळेतसुद्धा तू उत्तरपत्रिका अशाच लिहायचीस, विचारलं तेवढंच, आणि खाली ठळक रेघ. ‘तुझी मुलगी माझ्याकडे आहे. डाव्या कानाने ऐकू येत नाही. बाकी बरी आहे. कुणाला सांगू नकोस.’

मी ते दवाखान्यात काउंटरमागे उभ्या उभ्या वाचलं. घरी न पाठवता इथे पाठवायचं तिनेच सुचवलं असणार. समोर गालात कापूस धरून एक गृहस्थ पुढची तारीख मागत होते. मी त्यांना म्हटलं, "देवाची कृपा." ते बिचारे मान डोलावून परत बाकावर जाऊन बसले. आमच्या दातांच्या डॉक्टरीणबाई आतून ओरडल्या, "बाई, त्यांना तारीख द्या, आशीर्वाद नकोत!"

ताई, ती घरातून गेली ती भाजीची पिशवी घेऊन गेली. एवढंच मला ठाऊक होतं. जावयाने स्वतः पोलिसांत जाऊन बायको हरवल्याची तक्रार दिली, मग माझ्याकडे येऊन रडला. मीही रडले. त्याला प्यायला पाणी दिलं. त्या पाण्याचा आता मला पश्चात्ताप होतो आहे, पण कार्ड मिळेपर्यंत माझ्यासाठी तो फक्त बायको हरवलेला माणूस होता. तुला आधीही शंका होतीच, असं तू म्हणशील. राहू दे.

तिला तुझा पत्ता कुठून मिळाला? मी कधी दिला नव्हता. आईच्या शिवणयंत्रावरून आपण बोलणं टाकलं, त्यानंतर या घरात तुझं नावच निघालं नाही. जावयाला तर मला बहीण आहे हेच माहीत नाही. आज पहिल्यांदा त्याचं बरं वाटतंय.

तू लिहितेस, कुणाला सांगू नकोस. कुणाला सांगणार? मी आता फक्त कॉम्प्युटरशी बोलते. जावयानेच आणून दिलेला, पुढच्या खोलीत खिडकीपाशी. तुमच्याकडची हवा बघितली, सकाळी किती गारठा असतो ते. कानाला लावायची यंत्रं बघितली. तुमच्या बाजारपेठेजवळ एक खोली बघितली, मी येईन तेव्हासाठी. गावाचं नाव मी या पत्रात लिहीत नाही, पुढेही लिहिणार नाही. आणि बघून झालं की सगळं पुसून टाकते. हिस्ट्री कशी पुसायची ते तिनेच मला शिकवलं होतं, लग्नानंतर लगेच. तेव्हा मी हसले होते. म्हटलं, म्हातारीला कसली आलीय हिस्ट्री.

ती जेवते का? एवढंच कळव.

तुझी शेपूट


१० नोव्हेंबर

प्रिय ताई,

तुझं उत्तर यायचं आहे, तरी लिहिते. राखाडी स्वेटर पाठवते आहे, डॉक्टरीणबाईंच्या नावाने येईल. बाह्या लांब ठेवल्या आहेत, तिला हात आत ओढून घ्यायची सवय आहे.

तुमचं गाव तसं मोठं आहे ना? म्हणजे नवखा माणूस आला आणि कुणाला शोधू लागला, तर लगेच सापडण्याइतकं लहान नाही ना?

काल रविवार होता. जावई दर रविवारी येतो. त्याचं चष्म्याचं दुकान बंद असतं, मग माझ्या कॉम्प्युटरवरून घाऊक व्यापाऱ्याकडे काचांची ऑर्डर टाकतो. म्हणतो, "तुमच्या हातचा चहा मिळतो, आई." आल्या आल्या माझ्या चष्म्याचे स्क्रू पिळतो. फळं आणतो. शेजारच्या बाई मला म्हणतात, असा जावई दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही.

मी चहा गाळत होते. बाहेरून हाक आली, "आई, थंड हवेच्या ठिकाणी निघालात की काय?"

मी गाळणं हातात घेऊनच बाहेर आले. तो बातम्या वाचत होता. बातमीच्या बाजूला तुमच्या गावातली खोली होती, नाश्त्यासकट, गावाच्या नावासकट. तिच्याखाली लाल लोकरी कोट. त्याच्याखाली कानाचं यंत्र लावून हसणारी एक पिकल्या केसांची बाई. ताई, मी पुसलेलं सगळं तिथे ओळीने उभं होतं. शिक्षा झालेल्या मुली व्हरांड्यात उभ्या असायच्या ना, तसं.

"कान दुखतोय का तुमचा?" त्याने विचारलं.

"वय झालं."

"कुठला?"

मी म्हटलं, "उजवा." तो माझ्या उजव्या कानाकडे बघत राहिला.

"आणि या गावात कोण असतं आपलं?"

"कुणी नाही," मी म्हटलं. इतकी वर्षं मी कुणालाही हेच उत्तर देत आले आहे, त्यामुळे ते अगदी सहज आलं. जीभसुद्धा अडखळली नाही.

"या जाहिरातींचं काही खरं नसतं," तो हसला. चहा प्याला. निघताना खिशातलं पेन काढून त्याने तळहातावर काहीतरी लिहिलं.

गाळण्यातून चहा टपकून माझ्या पावलावर पडला होता, ते मला तो गेल्यावर कळलं.

तुझी शेपूट


१८ नोव्हेंबर

प्रिय ताई,

तुझं पाकीट आलं. आत तिची चिठ्ठी. तिचं अक्षर बघून मी डॉक्टरीणबाईंच्या औजारांच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

चिठ्ठीत ‘आई’ एवढाच शब्द मायेचा. बाकी सगळं कामाचं. कदाचित तिला तेवढंच लिहिता आलं असेल. ‘हिस्ट्री पुसणं पुरत नाही. आपण ज्या वेबसाइटवर जातो ती आपल्या कॉम्प्युटरवर एक चिठ्ठी ठेवून जाते, तिला कुकी म्हणतात. जाहिरातवाल्यांच्याही त्यात असतात. त्या वाचून दुसरीकडच्या जाहिराती तुला ओळखतात. हिस्ट्री पुसलीस तरी चिठ्ठ्या राहतात.’ मग कुठे जायचं, काय दाबायचं, कुठली खूण काढायची, ओळीने. शेवटी, ‘आणि दरवेळी स्वीकारा, स्वीकारा करत जाऊ नकोस. खाली बारीक अक्षरात नाकारा असतं. ते दाब.’

ताई, मी दरवेळी स्वीकारत आले आहे. पान उघडलं की आधी किती अदबीने विचारतात, तुमची परवानगी आहे ना, तुमचा अनुभव आम्हाला अधिक चांगला करायचा आहे. आपल्याला शाळेत काय शिकवलं? कुणी सभ्यपणे विचारलं तर तोंडावर नाही म्हणू नये. मला वाटायचं, नाही म्हटलं तर त्यांना वाईट वाटेल. हसू नकोस. मी खरंच कधीकधी निळं बटण दाबताना ‘थँक यू’ म्हणायची.

डॉक्टरीणबाईंना सांगावंच लागलं, पत्रं त्यांच्या पत्त्यावर येतात म्हणून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हातमोजे काढले आणि म्हणाल्या, "कुकीज बंद करताय? करा. फक्त माझ्या पेशंटांना शिकवू नका, माझं पोट त्यांच्यावर चालतं." मग पाठ वळवून बराच वेळ हात धूत राहिल्या.

संध्याकाळी घरी येऊन चिठ्ठी मांडीवर ठेवली आणि एकेक केलं. सगळ्या कुकीज पुसल्या, परक्यांच्या बंद केल्या. आता मला ट्रकचे टायर दाखवतात. टकलावर केस उगवणारं तेल दाखवतात. त्या यंत्राला मी कोण ते मुळीच ठाऊक नाही. इतकं मोकळं वाटलं, ताई, आंघोळ केल्यासारखं.

तू विचारतेस, त्याला घरात घेतेसच का. दार लावलं तर दाराआड काहीतरी आहे हे त्याला कळेल. म्हणून दार उघडं ठेवते.

आणि तुम्ही दोघी माझ्या पाठीमागे कितीतरी वर्षं पत्रं लिहीत होतात, तिच्या प्रत्येक वाढदिवसाला तू कार्ड पाठवत होतीस, हे तू इतक्या सहज लिहिलंस! आधी राग आला. मग वाटलं, नसतं पाठवलंस तर भाजीची पिशवी घेऊन ती कुठे गेली असती?

तुझी शेपूट


२४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

तिला काही दिवस घराबाहेर पाठवू नकोस. कामालाही नाही, दुकानातही नाही. कारण विचारू नकोस, म्हणजे सांगतेच आहे.

काल तो आला, स्क्रू पिळले, खुर्ची ओढून बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "आई, आज हे यंत्र मला ओळखत नाही."

घाऊक व्यापाऱ्याच्या वेबसाइटवर त्याचं खातं कायम उघडं असायचं. नाव, पासवर्ड काही घालावं लागत नसे. ती ओळखही कुकीतच राहते. माझ्या चिठ्ठ्यांबरोबर मी त्याचीही झाडून टाकली होती. तिने लिहिलं नव्हतं, किंवा तिच्या लक्षात आलं नसेल. आणि मला कुठलं सुचणार.

"कुणी शिकवलं साफ करायला?"

"दवाखान्यात बोलत होते."

"कोण?"

"डॉक्टरीणबाई."

त्याने तिथल्या तिथे त्यांना फोन लावला, आवाज बाहेर ठेवून. मला वाटलं, संपलं. फोनमधून त्यांचा तो खणखणीत आवाज आला, "हो, मीच सांगितलं. बाईंच्या कॉम्प्युटरवर भलभलत्या जाहिराती यायला लागल्या होत्या, लाज वाटत होती त्यांना. का हो, तुमचं काही राहिलं होतं का त्यात?" तो हसून नाही नाही म्हणाला आणि फोन ठेवला. बाईंना एक हार घालायला हवा.

पण तो उठला नाही. माझ्या समोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "चष्मा एका बाजूला कललाय." चष्मा बसवताना तो नेहमी समोरूनच हात पुढे करतो. त्याचा उजवा हात माझ्या डाव्या कानाजवळ आला, आणि ताई, तेव्हा मला समजलं. समोर उभ्या माणसाचा उजवा हात डाव्याच कानावर पडतो. किती हलका हात आहे त्याचा. काचा हाताळायची सवय.

"आई," कानामागे काडी बसवत तो म्हणाला, "ज्याला काही लपवायचं नसतं तो एवढी झाडलोट करत नाही."

मी म्हटलं, "माझं घर बघा, मी रोजच झाडते."

"तेही खरं," तो म्हणाला. "पुढच्या आठवड्यात दोन दिवस दुकान बंद ठेवून जरा डोंगराकडे जाऊन येईन म्हणतो. हवाबदल."

मी म्हटलं, "डोंगरातली खोली मी डॉक्टरीणबाईंसाठी बघत होते. त्यांना सुट्टीवर जायचंय."

"हो का?" तो म्हणाला.

तुझी शेपूट


२७ नोव्हेंबर

प्रिय ताई,

तुला आठवतं, बोर्डिंगमध्ये रविवारी पत्रं लिहून उघड्या पाकिटात सिस्टरच्या टेबलावर ठेवावी लागायची? सिस्टर लाल पेन्सिल घेऊन सगळ्यांची वाचायच्या आणि मगच चिकटवायच्या. ‘इथे सगळं छान आहे’ एवढंच कुणाचंही घरी पोचायचं. त्या हिवाळ्यात माझा ताप उतरत नव्हता, आणि सिस्टर म्हणत होत्या की घरची आठवण येते म्हणून सोंग करते. तू काय केलंस? पहिल्याच परिच्छेदात शाईचा मोठा डाग पाडलास. त्याखाली शुद्धलेखनाच्या ढोबळ चुका पेरल्यास, आणि मैत्रिणीने तुझी रिबन चोरली असं धादांत खोटं लिहिलंस. सिस्टरांची पेन्सिल तिथेच अडकली. डागावरून बोलणी खाल्लीस, रिबनची चौकशी झाली, आणि तळाशी लिहिलेलं ‘शेपटीला घेऊन जा’ त्यांनी पाहिलंच नाही. आई आली आणि मला घेऊन गेली. न्यूमोनिया होता. तुला वर्गाबाहेर उभं केलं त्याबद्दल मी तुला कधी काही म्हटलं नाही.

सोमवारी संध्याकाळी मी कॉम्प्युटरपुढे बसले आणि तिने बंद करायला सांगितलेलं सगळं परत चालू केलं. एकेक खूण परत लावली. तिला सांगू नकोस, तिला वाटेल आईने ऐकलं नाही.

शाळेची सहल गेली होती ते बंदर आठवतं? दीपगृहाच्या पायऱ्या चढताना सिस्टरांना चक्कर आली होती ते? आता मी रोज तिथे असते. तिथल्या कानाच्या डॉक्टरांच्या वेळा बघते. महिन्याने भाड्याच्या खोल्या बघते, बाईमाणसाला एकटीला देतात का ते विचारते. मासळी डबाबंद करणाऱ्या कारखान्याच्या ऑफिसात हिशेब बघायला बाई हवी आहे, तिथे दोनदा जाऊन आले. बोटींच्या वेळा, तिथली हवा, तिथला पाऊस. जिथे जिथे विचारतात, तिथे तिथे स्वीकारते. सगळ्यांना हो म्हणते. आणि मग नेहमीसारखी फक्त हिस्ट्री पुसते, म्हणजे त्याला वाटावं की म्हातारी लपवायला गेली आणि फसली.

हा माझा शाईचा डाग.

आजपासून बातम्यांच्या बाजूला समुद्र यायला लागला आहे.

तुझी शेपूट


१ डिसेंबर

प्रिय ताई,

काल त्याने बघितलं.

कसं कळलं सांगू? या वेळी त्याने थट्टा केली नाही. आई, समुद्रावर निघालात का, असं काही विचारलं नाही. वाचत राहिला. माऊसवरचा त्याचा हात थांबला तो किती वेळ थांबलेलाच. मग दोनदा चहा मागितला आणि फळं स्वतः कापून मला दिली. निघताना म्हणाला, "काळजी करू नका, आई. येईल ती घरी." डोंगराचं नावही काढलं नाही. दारातून गेल्यावर मी पडद्याआडून पाहिलं. खाली रस्त्यावर उभा राहून तो तळहातावर लिहीत होता.

आनंद व्हायला हवा होता, नाही? झाला नाही.

तुला एक वेड्यासारखी गोष्ट सांगते. मला ते बंदर आवडायला लागलं आहे. कारखान्याच्या ऑफिसातलं टेबल, खोलीची निळी खिडकी, खाली जाळी वाळत घातलेली. कधी कधी मला वाटतं ती खरंच तिथे राहते आहे आणि संध्याकाळी धक्क्यावर चालते आहे. तुझ्याकडे ती कशी राहते ते मला दिसत नाही, तू एकदोन ओळींपलीकडे काही लिहीत नाहीस. तिथली मला सगळी दिसते.

तू लिहिलंस ती आईच्या यंत्रावर शिवायला बसते. पायमशीनचा आवाज तिला एकाच कानाने येतो, पण पायाला पुरता कळतो म्हणते. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. भांडून नेलंस ते बरं केलंस.

तुझी शेपूट


(तारीख तू घाल, मला कॅलेंडर दिसत नाही)

प्रिय ताई,

अक्षर मोठं आणि वेडंवाकडं येतं आहे, ओळी एकमेकींवर चढल्या असतील. जमेल तसं वाच. माझ्याकडे चष्मा नाही.

शुक्रवारी त्याचं दुकान बंद होतं. मी मुद्दाम दवाखान्यातून तिकडून चालत आले, शटरवर कागद चिकटवला होता, ‘घरगुती कामासाठी’. रविवारी तो आला नाही. आला तो मधल्याच दिवशी, संध्याकाळी, फळं न आणता. बुटांना वाळू होती. बूट न काढता आत आला आणि सोफ्यावर बसला.

"बंदरावर जाऊन आलो," म्हणाला.

"का?"

"तुम्हीच पाठवलंत की." मग तो म्हणाला, "म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरने."

मी पाणी आणायला उठले. त्याने बसा म्हटलं. मी बसले.

कानाच्या दवाखान्यांत जाऊन आला होता. कारखान्याच्या फाटकाशी सुट्टी व्हायच्या वेळेला उभा राहिला होता. "मग एक बाई दिसली, आई. मागून हुबेहूब ती. तीच चाल. बसथांब्यापर्यंत तिच्या मागे गेलो. हाका मारल्या, वळली नाही. म्हटलं, ऐकू येत नसेल, म्हणून हात धरला." त्याने आपल्या हाताकडे पाहिलं. "दुसरीच निघाली. काय आरडाओरडा केला बाईने. लोक जमले."

ताई, तिला ऐकू येत नसेल, हे त्याला कुणी सांगितलं? मी तर माझाच कान दुखतो म्हटलं होतं, तोही उजवा. पोलिसांना दिलेल्या वर्णनात त्याने असं काही लिहिलं नव्हतं, ते मी स्वतः वाचलं आहे. तो बोलून गेला आणि आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानातही आलं नाही. मी चेहरा हलू दिला नाही. सिस्टरांसमोर उभं राहायची सवय कामी आली.

"खरं सांगा, आई. ती कुठे आहे, तुम्हाला ठाऊक आहे?"

"ठाऊक असतं तर रोज एका गावाची हवा बघत बसले असते का? तिला लहानपणी समुद्र आवडायचा. वाटलं, तिथेच गेली असेल. मी आई आहे, शोधत बसते."

तो खूप वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिला. त्याने अर्धं मानलं, ताई. अर्धं नाही. मग उठला, समोर आला, दोन्ही हातांनी हलकेच माझ्या नाकावरचा चष्मा काढला, काड्या मिटल्या आणि खिशात ठेवला.

"काचा जुन्या झाल्या आहेत. तुम्हाला भलतंच दिसायला लागलंय," म्हणाला. "बदलून आणतो." मग आत गेला आणि कपाटाच्या खणातला जुना चष्माही घेऊन आला. तो खणात कुठे असतो ते त्याला बरोबर माहीत होतं, त्यानेच ठेवला होता. जाताना दार सावकाश ओढून घेतलं. तो कधी दार आपटत नाही.

डॉक्टरीणबाई म्हणतात, उद्या तुम्हाला दुसऱ्या दुकानात नेते, आणि त्या माणसाचे दात मी फुकट काढून देईन, भूल न देता. त्यांच्यासमोर मी हसले. घरी आल्यावर मला सारखी ती बसथांब्यावरची बाई आठवते. तिला त्या रस्त्यावर मीच उभं केलं. ती कारखान्यात कामाला असेल, घरी कुणी वाट बघत असेल. हातावर वळ उठले असतील. माझा डाग तिच्यावर पडला. याचं मी काय करू, मला सुचत नाही. तुला लिहून ठेवते आहे, एवढंच.

आता नीट ऐक, कारण हे मी पुन्हा लिहिणार नाही.

तुम्ही दोघी तिथून निघा. कुठे जाता ते मला कळवू नकोस. कार्ड नको, दवाखान्याच्या पत्त्यावरही नको, तिची चिठ्ठीही नको. तो परत येणार, समोर उभा राहणार आणि विचारणार. मला ठाऊक असताना ठाऊक नाही म्हणण्याचं सोंग मी एकदा केलं, दुसऱ्यांदा जमणार नाही. त्याला डोळे बघायची सवय आहे. ठाऊकच नसेल तर कितीही निरखून बघू दे. तो डोंगरावर आला तर त्याला रिकामं घर मिळू दे.

रस्त्याने चालताना तू तिच्या उजव्या बाजूला राहा. हाक मारायची तर उजवीकडून मार. स्वेटरच्या बाह्या आखूड वाटल्या तर उसव, आत लोकर सोडली आहे.

आईचं शिवणयंत्र नेऊ नकोस. माझ्यासाठी राखून ठेवायचा विचार तर मुळीच करू नकोस. जड आहे फार, ओळखूही येईल. तिथेच कुणाला तरी देऊन टाक. आपण त्याच्यावरून एवढं भांडलो, आता कुणी परकी बाई त्याच्यावर पोरांचे कपडे शिवेल. शिवू दे.

संध्याकाळी मी कॉम्प्युटर लावते. पडद्यावर नुसते रंग दिसतात. पण बंदराच्या नावाची अक्षरं बोटांना पाठ आहेत. कारखान्याच्या जवळपासही आता फिरकत नाही, नुसती हवा बघते, समुद्र बघते, वेड्या आईसारखी. पान उघडलं की विचारतात, ते मला वाचता येत नाही, पण निळं बटण कुठे असतं ते मला न बघता कळतं. मी दाबते. तिला सांग, तिची चिठ्ठी मी जपून ठेवली होती आणि एके दिवशी तिच्यात लिहिलेलं सगळं तसंच्या तसं करणार आहे. आज पेटवून दिली.

तू दोनदा सोडवलंस, ताई. एकदा आईला सांगून मला, एकदा स्वतःच तिला. तिसऱ्यांदा माझ्यासाठी येऊ नकोस.

हे पाकीट मी चाचपून चाचपून चारी बाजूंनी चिकटवलं आहे.

शेपूट